जातानाचा आवाज

आवाज यायचा तो जाताना. येताना नाही. हे गॅरेजवाल्याला सांगितलं तेव्हा तो दात काढून म्हणाला, "ताई, गाडीला पण हॉस्पिटलची भीती वाटत असेल." मला काही हसू आलं नाही. दिवसाआड आईला डायलिसिसला नेऊन आणणाऱ्या बाईला असल्या विनोदांवर हसू येत नाही. तिला झोप येते.

आवाज कसा, तर कर्र्... कर्र्... आणि मध्येच एक टक्. बॉनेटखाली कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे घालून बसलंय आणि मधूनच डबा हलवतंय, असा. घरून निघालं की सुरुवातीला सगळं शांत. पेट्रोल पंप मागे पडायचा, उड्डाणपुलाचा चढ लागायचा, आणि झालं सुरू. मी लगेच कान टवकारायचे, की हा गप्प. पूल उतरून बाजाराच्या रस्त्याला लागलं की पुन्हा कर्र्. पुन्हा मी कान द्यायचे, पुन्हा हा गप्प. लपाछपी खेळत होता मेला माझ्याशी.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडी आहे, करायचीच आवाज, एवढं काय डोक्यात घेऊन बसायचं? सांगते.

गाडी बाबांची. बाबा गेले, गाडी राहिली. मी तेव्हाच आईकडे राहायला आले होते. माझं लग्न मोडलं होतं, पण ती रडकथा इथे नको. आईच्या किडन्यांनी हात टेकले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता मशीन. आई म्हणाली, मी नाही त्या मशीनला टेकणार. मी समजावलं, भांडले, रडले, जेवण सोडलं. शेवटी ती कबूल झाली, पण अट घालून. हॉस्पिटलची व्हॅन नको. आधी एकदा ॲडमिट होती तेव्हा त्या व्हॅननं घरी आली होती. गावभर एकेका पेशंटला सोडत फिरवलं, आणि चार परक्या माणसांसमोर तिला स्वतःच्या मांडीवर ओकारी झाली. कपड्याला सुरकुती चालत नाही अशी बाई. त्यानंतर व्हॅनचं नाव काढायचं नाही. टॅक्सीतला तो अत्तराचा वास तिला सहन होत नाही.

"बाबांच्या गाडीतून नेणार असशील तर येईन," ती म्हणाली. "आणि ऐकून ठेव. ज्या दिवशी ही गाडी बंद पडेल, त्या दिवशी माझंही बंद. मग मला ओढत न्यायचं नाही."

मी घाईघाईनं हो म्हटलं. त्या वेळी तिनं छपरावर बसून जाईन म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

पण आई बोललेलं मागे घेत नाही. बाबांनी एकदा पाहुण्यांसमोर तिच्या चहाला नावं ठेवली होती. त्या दिवसापासून मरेपर्यंत बाबांनी स्वतःचा चहा स्वतः केला. तिनं कधी आदळआपट केली नाही, कधी त्यावर बोलली नाही. फक्त त्यांच्या कपात चहा ओतला नाही. तेव्हा गाडीचं ती जे बोलली ते मी हसण्यावारी नेऊ शकत नव्हते. गाडी बंद म्हणजे मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे काय, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आधीच सांगितलं होतं.

गॅरेजवाल्याला आमच्या भागात सगळे कानसेन म्हणतात. त्यालाही ते आवडतं. पोट सुटलेला, कपाळावर कायम ग्रीसचा पट्टा, आणि स्वतःच्या कानांचा भारी अभिमान. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला, डोळे मिटतो, आणि आजूबाजूला कुणी हूं की चूं केलं तर खेकसतो. त्याच्या गॅरेजात भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलंय: "आवाज ऐकताना तोंड बंद, रेडिओ बंद, एसी बंद." येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ते मोठ्यानं वाचायला लावतो. मलाही लावलं.

"कसा येतो आवाज? काढून दाखवा," तो म्हणाला.

मी इकडेतिकडे बघितलं. शेजारी एक सूटबूटवाला माणूस त्याच्या गाडीचा आवाज काढून दाखवत होता, बेडकासारखे गाल फुगवून. म्हटलं, आपणच काय लाजायचं? "कर्र्... कर्र्... टक्."

कानसेननं मान हलवली. "टक् आधी की कर्र् आधी?"

"कर्र् आधी."

"मग माउंटिंग." इंजिनाखालची रबरं बदलली. आवाज गेला नाही. मग सायलेन्सरवरचा पत्रा सैल आहे म्हणाला, तो आवळला. आवाज गेला नाही. मग प्लग. मग तो स्वतः गाडी घेऊन पार त्या पुलावर जाऊन आला, काचा खाली, सगळं बंद, कान बाहेर काढून. आल्यावर म्हणाला, "ताई, गाडी लोण्यासारखी चालतेय. तुमची झोप होते का नीट?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. झोप होत नाही, ते खरं होतं, म्हणून जास्तच.

दिवसाचं गणित कसं असायचं बघा. सकाळी आईला उठवायचं, तिचे पाय सुजलेले, त्यावर बसतील अशा चपला शोधायच्या. अंगात पाणी साठलेलं, त्यामुळे जाताना तिला धाप लागायची, उकडायचं. पंपापर्यंत ती पदरानं वारा घ्यायची, मग म्हणायची, "लाव गं ते." मी एसी लावायचे. हॉस्पिटलात तिला खुर्चीत बसवून, सुया टोचल्या की कँटीनचा गार चहा पिऊन तिथेच बाकावर पेंगायचं. येताना ती पार पिळून निघालेली, थंडीनं कुडकुडणारी, बाहेर ऊन पेटलेलं असलं तरी अंगावर शाल. मग एसी कसला, काचासुद्धा बंद, आणि मी घामाच्या धारांत गाडी हाकायची. तिला झोपवून दातांच्या दवाखान्यात दुपारची पाळी. मी रिसेप्शनवर बसते. "किती दुखतंय?" असं हसतमुखानं विचारायचा मला पगार मिळतो.

जाताना आवाज आला की मी कानसेनचा नियम पाळायची. अगदी शाळेतल्या मुलीसारखी. कर्र् झालं, की एसी बंद, रेडिओ बंद, काच खाली, आई काही बोलत असली तर "आई, थांब जरा." आणि कान पुढे. आणि तो नाहीच. थोडं पुढे जाऊन आई म्हणायची, "उकडतंय गं." मी वैतागून काच वर करायची, एसी लावायची. जरा वेळानं पुन्हा कर्र्.

आई शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसलेली असायची. तिनं कधी तक्रार केली नाही. कधीकधी तर मला वाटायचं, ती त्या आवाजानं जराशी खूश होते.

"वाढलाय आज," ती एकदा म्हणाली.

"नाही वाढलेला. तुला वाटतंय."

"वाढलाय. होणार बंद लवकरच." हे अशा सुरात, की जणू दूधवाला आज येणार नाही.

"आई, तोंड आवर," मी म्हटलं. आईला असं बोलू नये, मला कळतं. पण त्या वेळी माझी जीभ माझ्या ताब्यात नसायची.

धाकट्या भावाचा फोन यायचा. तो लांब राहतो. लांबच्या माणसांना सगळं सोपं दिसतं. "ताई, विकून टाक ना ती गाडी. नवीन घे."

"तुझ्या आईला जाऊन सांग," मी म्हटलं. "तिची अट तुला माहीत नाही का?"

"बरं, मग आवाज रेकॉर्ड करून पाठव. इथे माझ्या ओळखीचा एक जण आहे, इंजिनातला किडा."

केला. पुढच्या वेळी पुलावर कर्र् झाल्याबरोबर मी गाडी कडेला घेतली, नियमाप्रमाणे सगळं बंद केलं, इंजिन चालू ठेवून फोन पुढे डॅशबोर्डवर ठेवला, आणि आईला म्हटलं, "आता अजिबात बोलू नकोस." ती बोलली नाही. बऱ्याच वेळानं मी फोन उचलला, आवाज काही आला नव्हता, पण म्हटलं, मला ऐकू येत नसेल, त्या किड्याला येईल. पाठवून दिलं.

संध्याकाळी भावाचा फोन. "ताई, यात तर काहीच नाही. इंजिन ठीक वाटतंय. नुसतं कुणीतरी धापा टाकतंय."

"ती आई आहे," मी म्हटलं.

पलीकडे त्याच्या टीव्हीचा आवाज बंद झाला. मग म्हणाला, "इतकी?" मी म्हटलं, "इतकी." मग त्यानं काहीतरी कामाचं निमित्त काढून फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. मी दर खेपेला शेजारी बसून ऐकत नव्हते, कारण माझा कान बॉनेटमध्ये घातलेला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात आवाज खरोखरच वाढला. आता कर्र् नव्हतं, पत्रा कापल्यासारखं खर्रर्र व्हायला लागलं, आणि टक् वाजलं की स्टिअरिंगला हादरा बसायचा. मी सरळ गॅरेजात जाऊन कानसेनसमोर उभी राहिले. तो जेवायला बसत होता.

"उद्या सकाळी तुम्ही आमच्याबरोबर यायचं," मी म्हटलं. "घरापासून हॉस्पिटलपर्यंत. आई असताना, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या रस्त्यानं."

"ताई, माझी इथे रांग लागलीय."

"लागू दे. ही गाडी बंद पडली तर माझी आई उपचार बंद करणार आहे. मग ते पाप तुमच्या डोक्यावर."

त्यानं हातातला घास डब्यात ठेवला. माझं तोंड बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, पण या खेपेला त्यानं विनोद केला नाही. "येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला, अंगात तोच तेलकट डगला, हातात स्क्रूड्रायव्हर. तो पुढे बसला, म्हणून आईला मागे बसवलं. आईला ते आवडलं नाही. "मला पुढे बरं वाटतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "एक दिवस." ती तोंड फिरवून बसली.

निघालो. कानसेन असल्यामुळे मी सुरुवातीपासूनच नियमानं वागत होते. एसी बंद, रेडिओ बंद, तोंड बंद. पंप गेला. पूल चढलो. काही नाही. पूल उतरलो. काही नाही. माझं डोकं फिरायची वेळ आली. वर्गात मुलगा पाढे घडाघडा म्हणतो आणि तपासनीस आले की त्याची बोबडी वळते, तसली गत.

"येतो हो, रोज इथे येतो," मी म्हटलं.

"श्श्," कानसेन म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले. मग त्यानं मान मागे वळवली. "आजी, तुम्हाला काय वाटतं? कुठून येतो आवाज?"

आई खिडकीबाहेर बघत होती. "मला काय कळतंय बाबा गाडीतलं."

बाजाराच्या रस्त्यावर आम्ही अडकलो. पुढे कुणाचा तरी ट्रक माल उतरवत उभा होता. ऊन काचेतून आत घुसत होतं. कानसेनच्या डगल्यातून घाम गळायला लागला. गळ्याचं बटण काढलं, मग दुसरं काढलं, मग स्क्रूड्रायव्हरनं वारा घ्यायला लागला, त्यानं काय वारा येणार? शेवटी म्हणाला, "ताई, नियम गेला खड्ड्यात. लावा तो एसी. जीव जातोय माझा."

मी काच वर केली आणि बटण दाबलं.

खर्रर्र. टक्. खर्रर्र.

कानसेन ताठ बसला. "बंद करा."

मी बंद केला. शांत.

"लावा."

खर्रर्र.

"बंद." शांत. "लावा." खर्रर्र. त्यानं कपाळावर हात मारला, इतक्या जोरात की ग्रीसचे ठसे उमटले. "अहो, एसीचा कॉम्प्रेसर! त्याचं बेअरिंग गेलंय. एसी लावला की तो फिरतो आणि बोंबलतो. आणि आपण शहाणे, आवाज ऐकायचा म्हणून आधी त्याचंच तोंड बंद करतोय. मी तर भिंतीवर लिहून ठेवलंय!" तो हसायला लागला. पोट धरून हसत होता. "बरं झालं सापडलं. हे जाम झालं असतं ना, तर इंजिनाचा पट्टा तुटला असता. आणि पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी. फार दिवस नव्हते हं."

मलाही हसू फुटलं. किती दिवसांनी. येताना आई कुडकुडते म्हणून एसी नाही, म्हणून आवाज नाही, इतकं साधं! मी हसत हसत आरशात बघितलं, आईला म्हणणार होते, ऐकलंस का?

आईच्या चेहऱ्यावर ना आश्चर्य होतं, ना हसू. हातातला शेवटचा पत्ता कुणी ओढून घेतलेल्या माणसासारखी ती बसली होती. आरशात आमची नजरानजर झाली आणि तिनं मान खाली घातली.

माझं हसू तोंडातच राहिलं. पुढे ट्रक हलला, मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी पुढे घेतली. कानसेन काय काय बोलत होता, एक शब्द डोक्यात शिरला नाही.

हॉस्पिटलच्या दारात उतरून तो गॅरेजात परत गेला; आईला घरी सोडून मी दुपारी पाळीवर जाताना गाडी त्याच्याकडे टाकायचं ठरलं. मी आईला आत नेलं, वजन केलं, खुर्चीत बसवलं. सिस्टरनं सुया टोचल्या. मशीनचं चाक फिरायला लागलं, नळीतून तिचं रक्त जायला लागलं. मी बाकावर गेले नाही. स्टूल ओढून तिच्या समोर बसले.

"तुला माहीत होतं."

तिनं डोळे मिटले.

"झोपेचं सोंग करू नकोस. तुला माहीत होतं एसीचं."

"त्यात माहीत काय असायचंय?" ती डोळे न उघडता म्हणाली. "तू रस्त्याकडे बघतेस. मला बघायला काय असतं? मी तुझा हात बघते. तुझा हात बटणाकडे गेला की आवाज जायचा. पुन्हा लावलास की यायचा. कुणालाही कळलं असतं."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासूनच."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं पेपर खाली केला. "मी जिवाचा आटापिटा करतेय. त्या माणसानं निम्मी गाडी खोलली. मी वेड्यासारखी फोनवर तुझ्या धापा रेकॉर्ड करत बसले! आणि तू मूग गिळून बसलीस?"

"एक दिवस पडली असती ना बंद."

तिनं हे इतक्या हळू म्हटलं की मला वाटलं, मशीनच्या घरघरीत मी चुकीचं ऐकलं. चुकीचं ऐकलं नव्हतं.

"तुला जगायचं नाही?"

आता तिनं डोळे उघडले. "जगायचंय गं. कुणाला नसतं? पण एक दिवस ही खुर्ची, आणि दुसऱ्या दिवशी या खुर्चीचा शीण काढायचा. यात जगायचं कधी, ते सांग मला." तिनं सुई नसलेला हात उचलून माझ्या तोंडाकडे बोट केलं. "आणि तुझं तोंड बघ जरा आरशात. डोळ्यांखाली काय झालंय ते."

"थकलेय मी!" मी जवळजवळ ओरडलेच. "थकलेय. मग? थकलेली माणसं गाडी चालवत नाहीत?"

"मी नको म्हटलं की तू रडतेस. जेवण सोडतेस. मग मला पुढे बोलवत नाही. आणि तू तर मेलीस तरी मला नको म्हणणार नाहीस. म्हटलं, गाडीनंच म्हणावं. गाडीवर कोण रागावणार?"

सिस्टर तरातरा आली. "काय चाललंय? प्रेशर बघा त्यांचं. भांडायचं ते घरी."

मला तिचा भयंकर राग आला होता. मी रोज जीव मुठीत धरून तो आवाज शोधत होते, आणि शेजारच्या सीटवर बसून ती त्याच आवाजावर आशा ठेवून होती. एकाच गाडीत, एकाच रस्त्यानं. राग आला होता आणि उठून तिच्या कुशीत शिरावंसंही वाटत होतं. पण तिच्या हातात सुया होत्या. मी तिच्या पायावरची चादर नीट केली, तेवढंच.

मग ती म्हणाली, "आज पुरे असं नाही म्हणत मी. उद्याही नाही कदाचित. पण मला जेव्हा पुरे वाटेल, तेव्हा मला म्हणता आलं पाहिजे. तुझ्याकडे बघून."

मी स्टूल तिच्याजवळ सरकवलं.

संध्याकाळी गॅरेजात गेले. कानसेननं जुना कॉम्प्रेसर काढून बाकावर ठेवला होता. त्यानं तो हातानं फिरवून दाखवला. खर्रर्र. इतके दिवस जिच्यासाठी झोप उडाली ती वस्तू एवढीशी, काळी, तेलकट. "दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "नवीन बसवतो. नाहीतर छोटा पट्टा टाकून एसीच काढून टाकतो. गाडी तशीही धावेल."

"नवीन बसवा. आईला एसीशिवाय श्वास पुरत नाही."

"आणि हो, गॅरंटी देतो. ही गाडी आता बंद पडत नाही."

मागे भिंतीवर बघितलं. "एसी बंद" वर त्यानं काळ्या रंगाचा फराटा मारला होता.

पुढच्या खेपेला सकाळी मी आईला खाली आणलं, पुढच्या सीटवर बसवलं, तिचा पट्टा लावला. किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. मी गिअर टाकला नाही.

"काय झालं?" आई म्हणाली.

"गाडी आता बंद पडणार नाही. कानसेनची गॅरंटी आहे. तेव्हा तिच्या भरवशावर राहू नकोस. तुझी जुनी अट रद्द."

"मग?"

"मग मी दर वेळी विचारणार. चलायचं का? तू चल म्हणालीस तर जायचं."

"आणि नको म्हणाले तर?"

हे मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. "तर मी रडेन. जेवणार पण नाही कदाचित. ते माझं मी बघीन. पण गाडी बंद करीन. माझ्या हातानं. आणि तुला वर घेऊन जाईन."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बोललेलं मागे घ्यायचं नाही हं."

"तुझीच मुलगी आहे मी."

तिनं मान हलवली. पदरानं कपाळ पुसलं. "चल," म्हणाली. "आणि लाव गं ते. उकडतंय."

मी एसी लावला. गार हवा आली. बाकी कसलाच आवाज आला नाही. पुलाच्या चढावर तिची धाप मला स्पष्ट ऐकू येत होती, आणि हॉस्पिटल येईपर्यंत मी तेवढंच ऐकत होते.

तेव्हापासून हे असंच चाललंय. मी किल्ली फिरवते आणि विचारते, "चलायचं?" ती लगेच उत्तर देत नाही. मला छळायला नाही. खरंच विचार करते. समोरच्या भिंतीकडे बघत, हात मांडीवर ठेवून. इंजिन आता इतकं शांत चालतं की तेवढ्या वेळात माझं लक्ष दुसरीकडे वळवायला काहीच नसतं. मी खिडकीकडे तोंड करते, तिला ते दिसू नये म्हणून. पण तिला दिसत असणार. तिचं सगळं लक्ष माझ्याकडेच तर असतं.

आजपर्यंत ती दर वेळी "चल" म्हणालीय. आजही म्हणाली. आज जरा जास्त वेळ लागला, आणि तेवढा वेळ माझा हात किल्लीवर होता.